झाकलेला चिमटा

माझ्या मुलीच्या नाकात चिमटा मी घातला. चाचांनी नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे कधीतरी लिहीन म्हटलं तर मी पुन्हा आडवळणं घेईन, याची मला खात्री आहे.

चाचांचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा त्यांचं नाव घेऊन मी त्यांचं पुरेसं नुकसान केलं आहे. वडूजमध्ये लहानथोर सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. आमच्या गल्लीत, माझ्या भाड्याच्या घराच्या अगदी समोर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे दोन घरांच्या मधली, एका माणसाला नीट बसता येईल एवढी जागा. पुढे काचेचं टेबल, त्याच्यापुढे गिऱ्हाइकाला बाक. मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. संध्याकाळी गॅलरीत वह्या तपासायला बसलो की दुकान थेट दिसायचं, आणि खरं सांगायचं तर वह्यांपेक्षा मी तेच जास्त बघायचो.

चाचा दोन्ही मनगटांवर घड्याळं घालत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "एकावर इस्वास ठिवायचा न्हाई, मास्तर. दोन असली की एकमेकांवर नजर ठिवत्यात."

विश्वास हा शब्द ते नेहमी 'न्हाई' लावूनच वापरायचे. घड्याळाचा नुसता पट्टा बदलायचा असला तरी मालकाला समोर बसवून ठेवायचे. कोणी म्हणालं, "चाचा, बाजार करून येतो, तोवर करा," तर घड्याळ परत त्याच्या हातात द्यायचे. "जाऊन या, मग करतो. न्हाईतर उद्या म्हणशीला, आतला माल बदलला." दुकानात मूल आलं की आधी त्याला दोन्ही हात पुढे करायला लावायचे, आणि जाताना पुन्हा. घड्याळाचा जुना सेल कोणालाही परत द्यायचे नाहीत. त्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून एका बरणीत टाकायचे, आणि ती बरणी आढ्याच्या हुकाला टांगलेली असायची. खाली उतरवायची तर त्यांना स्टुलावर चढावं लागे. मला ती बरणी म्हणजे म्हातारपणाचा चाळा वाटायची.

भिंतीवर दुरुस्त झालेली घड्याळं टांगलेली असत, आणि त्यांतलं एकही दुसऱ्याशी जुळायचं नाही. घड्याळ देताना ते मालकाला विचारायचे, "किती फुडं ठिवू?" कोणी पाच मिनिटं म्हणे, कोणी पंधरा. एक एसटीचा कंडक्टर होता, तो पंचवीस मिनिटं पुढे लावून घ्यायचा. मी म्हटलं, "चाचा, खरी वेळ लावून द्या ना." ते भिंगाशिवायच्या डोळ्याने माझ्याकडे बघत म्हणाले, "खरी येळ लावून दिली की लोक दुसऱ्या दिवशी तक्रार घिऊन येत्यात, घड्याळ मागं पडतंय म्हणून."

असा हा माणूस, आणि तालुक्यातल्या बाया त्याच्याकडे नाकात काहीतरी अडकलेली पोरं घेऊन येत. हे कसं सुरू झालं ते मला कधीच कळलं नाही. बहुधा कोणीतरी साधा विचार केला असेल, की ह्यांच्याकडे बारीक चिमटे आहेत, भिंग आहे, हात स्थिर आहे, म्हणजे हे काढतील. हे कुठे शिकलात, असं मी त्यांना तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाले मिरजेतल्या एका डॉक्टरीणबाईंनी शिकवलं, त्यांचं घड्याळ दुरुस्त केलं होतं. एकदा म्हणाले सासूने. तिसऱ्यांदा म्हणाले, "तुमी मास्तर हायसा का पोलीस?"

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. शाळाशाळांतून आम्ही काही शिक्षक चमत्कारांमागचं विज्ञान दाखवायचो. पाण्याने पेटणारा नारळ, लिंबातून निघणारं लाल रक्त, असले प्रयोग. त्यात माझा खास प्रयोग होता डोळ्यातून खडे काढण्याचा. गावोगाव हिंडणारे वैदू असे खडे 'काढतात' ते बोटांच्या बेचक्यात आधीच लपवलेले असतात, हे मी मुलांना करून दाखवायचो. टाळ्या पडायच्या. त्यामुळे समोरच्या दुकानातला घड्याळवाला पोरांच्या नाकातून मणी आणि चिंचोके काढतो हे ऐकल्यावर माझ्या मनात एकच प्रश्न आला. मणी ह्याने आधी कुठे लपवलेला असतो?

म्हणून एका बाजारच्या दिवशी मी मुद्दाम बाकावर जाऊन बसलो. मायणीकडची एक धनगराची बाई आली. कडेवर दोनेक वर्षांचं पोर, त्याची उजवी नाकपुडी फुगलेली, आणि तिच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी.

चाचांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर टेबलावरचे सगळे चिमटे गोळा करून पिवळ्या फडक्याखाली झाकले.

"काय घातलंय?"

"हरभरा, आवं. मी शेरडं सोडाय गेले तवर..."

"कवा?"

"मगाशीच. न्याहारीच्या वक्ताला."

"पाणीबिणी सोडलं का नाकात? त्याल?"

"न्हाई, न्हाई."

"बरं केलंस. हरभरा पाण्यानं फुगतोय. बस. आन् आदी तू रडायचं थांब. तू रडलीस की त्ये रडतंय, त्ये रडलं की श्वास वर वडतंय, आन् हरभरा आत."

बाई बाकावर टेकली, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. "चाचा, आवं चिमटा घ्या की! दिसतोय बगा वरच."

"चिमटा घड्याळाला. ह्ये घड्याळ न्हवं, मागनं झाकण उघडत न्हाई. वरचं आत ढकललं तर कुठनं काढू?"

मग त्यांनी पोराला विचारलं, "दुसरा कुठं ठिवलाईस रं?" का घातलास असं ते कधी विचारत नसत. दुसरा कुठे आहे, एवढंच. पोराने हसून कानाला हात लावला. चाचांनी कानात बघितलं, दुसऱ्या नाकपुडीत बघितलं. काही नव्हतं.

"आता ऐक. त्याला म्हण, पापा दे. तोंडावर तोंड लाव, फट ऱ्हाऊ द्यायची न्हाई. मोकळी नाकपुडी बोटानं दाब. आन् एक फुंकर मार. फुग्यात मारतीस तशी, पर फुगा फुटंल म्हणून भ्यालेली. बारकी आन् झटक्यात."

बाई लाजली. भर बाजारचा दिवस, गल्लीत गडीमाणसं उभी. चाचा एकदम ओरडले, "बघताय काय? पाठी करा सगळ्यांनी! मास्तर, तुमी बी!"

मी पाठ केली नाही. मला त्यांचे हात बघायचे होते. माझ्याकडे बघत त्यांनी दोन्ही हात वर केले, बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि तसेच धरून ठेवले. पहिल्या फुंकरीला काही झालं नाही. दुसरीला शेंबडासकट हरभरा बाईच्या गालावर येऊन चिकटला. पोर क्षणभर चकित झालं आणि मग खदखदून हसायला लागलं.

"दोनदाच," चाचा तिला म्हणाले. "दोनदात आला न्हाई तर दवाखाना. तिसऱ्यांदा कुणी कर म्हणलं तर ऐकायचं न्हाई. मी म्हणलो तरी."

हातांत काही दिसलं नाही, पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. चाचांनी तो हरभरा कागदाने उचलला, पुसला, आणि टेबलाचा एक खण उघडून आत ठेवला. मी मान लांब करून बघितलं. खणात घड्याळाचे स्क्रू ठेवायचे असतात तसे कप्पे होते आणि प्रत्येकात एकेक वस्तू. मोत्याचा मणी, चिंचोका, शेंगदाणा, खडूचा तुकडा, खोडरबराचा तुकडा, थर्माकोलची गोळी, पट्टी लावलेला सेल. मला जे हवं होतं ते मिळालं. हा साठा होता. ह्यातूनच तो काढत असणार.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितलं. कोणीतरी म्हणालं, "अहो, पण फुकट करतात ते. एक पैसा घेत नाहीत." मी म्हटलं, "तेच तर संशयास्पद आहे."

माझ्या बायकोला माझं हे बोलणं आवडायचं नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या नाकातला मणी चाचांनी सांगितलेल्या पद्धतीनेच निघाला होता. मुलगी सहा वर्षांची होती, म्हणून तोंडाने फुंकायचीही गरज पडली नाही. मोकळी नाकपुडी दाबून जोरात शिंकर म्हणाले, शिंकरली, निघाला. "ह्यात जादू कुठे आहे?" बायको म्हणाली. "साधी हवा आहे. तुम्ही तर विज्ञानाचे शिक्षक." मी तिला खणाचं सांगितलं. ती म्हणाली, "मग विचारा ना त्यांना, खण कशाला आहे म्हणून." मी विचारलं नाही. संशय घेतला की विचारायची गरज राहत नाही. मला तरी तेव्हा तसं वाटायचं.

सई, आमची मुलगी, त्या वेळी साडेतीन वर्षांची होती.

तो शनिवार होता. सकाळची शाळा उरकून मी साडेअकराला घरी आलो. बायको प्रशिक्षणासाठी साताऱ्याला गेली होती. सई शेजारच्या काकूंकडे होती आणि डाव्या नाकपुडीला सारखी बोट लावत होती. थोडं काळपट पाणी येत होतं. मी विचारलं, तर म्हणाली, "गोल गोल."

आता मी जे लिहितोय ते लिहिताना मला शरम वाटते. सईला उचलून मी थेट चाचांच्या दुकानात गेलो, आणि जाताना मला काळजीपेक्षा संधी जास्त दिसत होती. ह्या वेळी पोर माझं होतं. मी एका वितीवरून बघणार होतो.

चाचांनी चिमटे झाकले. मग खण उघडून सईसमोर ठेवला. "ह्यातलं कोनचं गं, बेटा? बोट लाव."

म्हणजे खण ह्यासाठी होता. ज्या पोरांना सांगता येत नाही, त्यांना दाखवता यावं म्हणून. हे मला त्या क्षणी कळलं, आणि तरी मी ते मनात येऊ दिलं नाही. सईने पट्टी लावलेल्या सेलवर बोट ठेवलं.

चाचांचा चेहरा बदलला. "मास्तर, घरात कुणी सेल बदलला का? खेळण्याचा, रिमोटचा?"

"नाही," मी म्हणालो.

आदल्या दिवशी मी वर्गात वापरायच्या लेझर पॉइंटरचे तीन सेल बदलले होते, आणि जुने खिडकीत ठेवले होते. शर्टाच्या बटणाएवढे असतात ते. मला तेव्हा हे खरंच आठवलं नाही की आठवायचं नव्हतं, हे आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

"तुमच्याच दुकानातून कधी उचलला असेल तिने," मी म्हणालो.

"माझ्या दुकानातनं सेल जात न्हाई." ते टेबलामागून उठून बाहेर आले. इतक्या वर्षांत गिऱ्हाईक समोर असताना मी त्यांना उठलेलं पाहिलं नव्हतं. "आसू द्या, कुठनं बी आला आसंल. आत्ताच्या आत्ता साताऱ्याला न्या. फुंकर बी न्हाई, थेंब बी न्हाई, काय बी घालू नगा. गळका सेल घड्याळातलं पितळ खातोय, मास्तर. मी रोज बघतोय. ह्ये तर पोरीचं नाक हाय."

"चमकीबिमकी असेल. फ्रॉकच्या चमक्या निघाल्यात तिच्या."

"मग तर लयच बरं. सातारचा डाक्टर चमकी काढून दिईल. जावा."

आणि मी काय समजलो? समजलो की हा घाबरला. मी एक वीत अंतरावर उभा आहे, हातचलाखी जमणार नाही, म्हणून दवाखान्याचं नाव पुढे करतोय. मनातल्या मनात मी जिंकल्यासारखा सईला घेऊन घरी गेलो.

घरी सईच्या सर्दीसाठी आणलेले मिठाच्या पाण्याचे थेंब होते. अडकलेलं सुटेल म्हणून ते मी तिच्या नाकात सोडले. थोड्या वेळाने आणखी सोडले. दहावीच्या वर्गाला विद्युत अपघटन शिकवणारा मी. मिठाच्या पाण्यात विजेचा प्रवाह सोडला की कातडी जाळणारा कॉस्टिक सोडा तयार होतो, हे दरवर्षी फळ्यावर लिहिणारा मी. सई रडायला लागली, डोकं आपटायला लागली. मग मी प्रयोगशाळेच्या पेटीतला चिमटा घेतला. ती ओरडत होती आणि माझ्याकडे बघत होती. चिमट्याला काहीतरी गुळगुळीत लागलं आणि आत सरकलं. मग रक्त आलं.

दोन तास मी असे घालवले. शेवटी गाडी बोलावून निघालो, तेव्हा चाचा दारातच उभे होते. काचेतून त्यांनी आत बघितलं आणि म्हणाले, "अजून गेला न्हाईसा?"

साताऱ्याच्या दवाखान्यात बायको आधीच येऊन थांबली होती. सईला भूल देऊन सेल काढला. डॉक्टरांनी तो पांढऱ्या ट्रेमध्ये मला दाखवला, काळा पडलेला, आणि मी तो ओळखला. ते म्हणाले, "नाकाच्या मधल्या पडद्याला आत भाजलंय, छिद्र पडेल बहुतेक. आणि वर जखमा आहेत. कोणी आत काही घातलं होतं का?"

बायको माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "हो. वडूजच्या एका घड्याळवाल्याने. मी नको म्हणत होतो, त्याने चिमटा घातला. सेलही त्याच्याच दुकानातला."

इतकं सहज आलं ते तोंडून. नाव, गाव, धंदा, सगळं सांगितलं.

चार दिवसांनी आम्ही परत आलो आणि बायको सरळ समोरच्या दुकानात गेली. मी गॅलरीत उभा होतो. गल्ली जमली. तिने बाकावर हात आपटून विचारलं, "चाचा, तुम्ही तर कधी चिमटा लावत नव्हतात! माझ्याच पोरीला का लावलात?" चाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि वर, माझ्याकडे बघितलं. आता बोलणार, असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले, "पोरगी कशी हाय?"

त्यांनी नाकारलं नाही म्हणून लोकांनी खरं धरलं. बाया यायच्या बंद झाल्या. मग घड्याळंही कमी झाली. ज्याने पोरीचं नाक फाडलं त्याचा हात थरथरत असणार, असं कोणीतरी म्हणालं, आणि घड्याळवाल्याबद्दल ह्याहून वाईट काय बोलणार?

आणि मी? मी त्यांच्यावरच पाळत ठेवून होतो. हा गप्प का, हे मला झोपू देत नव्हतं. मला वाटायचं, हा वेळ बघतोय. एक दिवस भर बाजारात सगळं सांगेल, किंवा माझ्याकडे येऊन काहीतरी मागेल. रस्त्यात भेटले की मी त्यांच्या चेहऱ्यावर धमकी शोधायचो. ते फक्त सईच्या नाकाकडे बघत. दीड वर्षाने दुकान बंद करून ते आष्ट्याला लेकीकडे राहायला गेले, तेव्हाही मी सुटलो असं मला वाटलं नाही. मला वाटलं, आता तिकडून काहीतरी करेल.

सईच्या नाकाच्या पडद्याला छोटं भोक राहिलं. ती धावून आली की श्वासाबरोबर बारीक शीळ वाजते. उन्हाळ्यात घोळणा फुटून नाकातून रक्त येतं. शाळेतली मुलं तिला कुकर म्हणतात. ती हसते, पण घरी आल्यावर तोंडाने श्वास घेत बसते.

पाच वर्षं अशी गेली. मग मधल्या सुट्टीत एक बाई शाळेत मला भेटायला आली. सोबत तिचा लहान मुलगा, नाकाखाली सुकलेलं रक्त. आठवीतल्या एका विद्यार्थ्याची ती आई. म्हणाली, "सर, तुमचं आभार मानाय आले. ह्याच्या नाकात मणी गेलता. शेजारीण म्हणाली, चाचा फुंकर माराय लावायचं तसं करू. मी म्हणलं, नगं बाई, त्या चाचानं सरांच्या पोरीचं वाटुळं केलं, त्याचं कायबी करायचं न्हाई. मग आमीच केसाच्या पिनंनं काढला. रक्त लय आलं, पर निघाला."

ती माझे आभार मानत होती. मी पोराचं नाक बघितलं, त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पोर वाचलं, फक्त जखम होती. पण "कायबी करायचं न्हाई" हे तिचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी एका माणसाचं नाव घालवलं असं मी समजत होतो. त्याच्याबरोबर त्याने शिकवलेलंही मी घालवलं होतं, आणि आता त्या जागी तालुकाभर पिना आणि काड्या पोरांच्या नाकात जाणार होत्या.

त्या संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती बराच वेळ पोळपाटावरचं पीठ पुसत राहिली. मग म्हणाली, "सई मला पहिलीत असतानाच म्हणाली होती. चिमटा बाबांनी घातला, म्हणून. मी तिला गप्प केलं." थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. माझंही चुकलंच. त्यांच्या दारात जाऊन ओरडले मी."

रविवारी मी आष्ट्याला गेलो. चाचा लेकीच्या घराच्या ओट्यावर बसले होते. बारीक झाले होते. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न केला, "पोरगी कशी हाय?" आणि दुसरा, "कशाला आलाय?"

मी सगळं सांगितलं, हात जोडले. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. मग म्हणाले, "इथं कशाला आला? आष्ट्यात मला कोण वळखतंय? इथं माफी मागायला काय जातंय तुमचं?"

मी जोडलेले हात खाली घेतले.

"तुमच्यावर माझा इस्वास न्हाई, मास्तर. आज रडशीला, उद्या वडूजात जाऊन म्हणशीला, म्हाताऱ्याला भेटून आलो, त्यानं माफ केलं. झालं मोकळं."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"कुणी ऐकलं आसतं? तुमी मास्तर. आन् पोरीनं बघितलं हुतं की. म्हणलं ती मोठी झाली की सांगंल. त्या एकीवर तेवढा ठिवला इस्वास." त्यांनी लेकीला चहा ठेवायला सांगितलं, आणि मग पुन्हा माझ्याकडे वळले. "वडूजात बोला. बायांच्या म्होरं. मी यिऊन बसतो मागं. ऐकल्याबिगर मला खरं वाटायचं न्हाई."

पुढच्या महिन्यात शाळेत पालक सभा होती. मुख्याध्यापकांकडे मी दहा मिनिटं मागितली, मुलांच्या प्राथमिक उपचारांवर बोलतो म्हणालो. हॉल भरला होता, बहुतेक आयाच होत्या. पिन घालणारी ती बाईही दुसऱ्या रांगेत होती. बायको आणि सई खिडकीजवळ. चाचा लेकीबरोबर सकाळच्या एसटीने आले होते आणि अगदी शेवटच्या खुर्चीवर बसले होते. काही बाया मागे वळून कुजबुजल्या.

मी आधी कामाचं सांगितलं. नाकात काही गेलं तर स्वतः घाबरू नका, पोराला रडवू नका. तोंडाने श्वास घ्यायला सांगा. बोट, पिन, काडी, चिमटा काही घालू नका, पाणी सोडू नका. मोठं मूल असेल तर मोकळी नाकपुडी दाबून शिंकरायला लावा. लहान असेल तर आईने तोंडाने फुंकर मारायची, ती कशी, ते दाखवलं. दोनदाच. नाही आलं तर दवाखाना. आणि सेल किंवा लोहचुंबक असेल, तर ह्यातलं काहीही न करता, एक मिनिट न घालवता दवाखाना.

"हे मी पुस्तकातून सांगत नाही," मी म्हणालो. "हे आपल्याला चाचांनी शिकवलं. त्यांच्याबद्दल मधल्या काळात गावात काही गैरसमज पसरले..."

"मास्तर," मागून आवाज आला. चाचा उभे राहिले नव्हते, बसूनच बोलत होते. "गैरसमज न्हवं. आपोआप न्हाई पसरलं ते. नीट सांगा."

सगळा हॉल मागे वळला आणि मग माझ्याकडे. सई माझ्याकडे बघत होती. मी हातातला कागद टेबलावर ठेवला.

"खोटं पसरलं," मी म्हणालो. "आणि ते मी पसरवलं. चाचांनी माझ्या मुलीला बोटही लावलं नव्हतं. सेल आहे, लगेच साताऱ्याला न्या, असं त्यांनी मला हात जोडल्यासारखं सांगितलं. मी त्यांच्यावर संशय घेतला आणि दोन तास घरी बसलो. सेल माझा होता, मीच खिडकीत टाकलेला. नाकात मिठाचं पाणी मी सोडलं. चिमटा मी घातला. आणि साताऱ्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, बायकोसमोर माझी लाज जाऊ नये म्हणून, मी चाचांचं नाव सांगितलं. तुम्ही त्यांच्याकडे जायचं बंद केलंत ते माझ्यामुळे. ताई, तुमच्या मुलाच्या नाकात पिन गेली तीही माझ्यामुळे. सई, तू लहान असताना खरं सांगत होतीस." मग मी शेवटच्या खुर्चीकडे बघितलं. "चाचा, तुमचा माझ्यावर विश्वास नाही, आणि तो ठेवा असंही मी म्हणत नाही. पण हे ह्या सगळ्यांसमोर म्हणतो. मी खोटं बोललो. मला माफ करा."